कडेला आलेला हात

"अहो सुमनबाई, पूर तुमच्याकडे आला होता ना? की लग्नाला निघालात?"

टेबलापलीकडून एका बाईनं माझ्या आईला हे विचारलं. भर रांगेत. माझ्या आईचं नाव सुमन. रांगेतली माणसं हसली. आमचीच माणसं, दोन दिवसांची उपाशी, पिंढऱ्यांपर्यंत गाळानं भरलेली, तरी फिसकन हसली.  आईनं पदर सारखा केला आणि हात पुढं करायचा तो मागं घेतला. मी तिच्या शेजारी उभी होते. आठवीत होते मी तेव्हा.

नीट सांगते.

आमची वस्ती ओढ्याच्या एका काठाला. दुसऱ्या काठाला सोसायटी. मधे एक अरुंद पूल. आई रोज सकाळी तो पूल ओलांडून पलीकडं जायची, चार घरची धुणीभांडी करायची आणि दुपारी परत यायची. ओढा म्हणजे वर्षभर काळं पाणी आणि प्लास्टिक. कोणाला वाटलं नव्हतं तो असा उठेल. पण त्या पावसाळ्यात डोंगराकडून लोंढा आला आणि तासाभरात आमच्या खिडकीपर्यंत पाणी चढलं. शेजारच्या शांतामावशीनं मला दंडाला धरून पत्र्यावर ओढलं, म्हणून मी आज बोलतेय. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. गॅस, गाद्या, माझी पुस्तकं, आईच्या साड्या, सगळं त्या गाळात. ड्रेनेजचं पाणी मिसळलेलं, तेलकट, काळं. अजून नाकात आहे तो वास.

कोरडी राहिली ती फक्त माळ्यावरची पत्र्याची पेटी. पेटीत रेशनकार्ड, माझा जन्माचा दाखला, आणि एक साडी. पांढरी, बारीक निळ्या काठाची. आई विहारात वंदनेला जाताना नेसायची ती. एरवी पेटीतच.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. आईनं दोन बादल्या मिळवल्या, पत्र्याच्या आडोशाला अंघोळ केली, मला घातली, आणि ती साडी नेसली. पुलाजवळ मदत वाटणार आहेत असं कळलं होतं. मी विचारलं, "ही कशाला गं?" तर म्हणाली, "लोकांपुढं हात पसरायचाच आहे, तर स्वच्छ अंगानं तरी जाऊ."

हे तिला आजीनं शिकवलेलं. आजी दीक्षा घेतलेली. फाटकं चालेल, मळकं चालणार नाही, हा आजीचा कायदा. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हणाले, आता कुणाला म्हणायला जागा ठेवायची नाही. आई एकवेळ उपाशी राहील, पण मळक्या साडीत उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही. बाकीच्या बायका हुशार. त्यांना बरोबर कळलं होतं की आज मळकं असणंच कामाचं आहे. टँकरचं पाणी त्यांनी प्यायला ठेवलं आणि होत्या तशा रांगेत आल्या. आई तेवढी अंघोळ करून आली. ही तिची चूक. तिलाच सुचली असती अशी चूक.

टेबलापलीकडच्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. सोसायटीतल्याच. संस्था चालवायच्या, भाषणं करायच्या. आणि गंमत बघा, आई त्यांच्याच घरी भांडी घासत होती. सहा वर्षं. आमचं घर काठापासून दुसरं, हे त्यांना त्यांच्या गॅलरीतून दिसायचं. घर बुडाल्याचं त्यांना माहीत नव्हतं असं काही नाही.

मग त्यांनी आवाज खाली आणला. समजावणीचा आवाज. "हे बघा, मला ठाऊक आहे हो. पण ज्यांनी हे सामान पाठवलंय त्यांना मला फोटो पाठवायचेत. फोटोत काय दिसणार? पांढरीशुभ्र बाई. कुणाला पटेल का, तुम्हीच सांगा."

आई म्हणाली, "बरं ताई. मग नका देऊ."

एवढंच. आणि वळली.

तिथं गोष्ट संपायला पाहिजे होती. संपली असती. पण टेबलावर निळं दप्तर होतं. प्रत्येक पोराला एक. आत वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली. माझी सगळी पुस्तकं गाळात गेलेली. माझा जीव त्या दप्तरात अडकला होता. मी आईचा हात ओढला. "आई, थांब ना गं."

ताईंनी ते बघितलं. म्हणाल्या, "मुलगी शहाणी आहे. जा गं बाळ, जरा चिखल घेऊन ये. थोडासाच."

मी गेले. लांब जायचंच नव्हतं, चार पावलांवर सगळा चिखलच. दोन्ही मुठी भरल्या आणि आले. आधी पदराला लावला. मग निऱ्यांना. आई हलली नाही. तिनं माझा हात धरला नाही, ओरडली नाही, एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, तीही दिली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडं. गोळे दिसू नयेत म्हणून मी तो चिखल हातानं सपाट पसरवला, चित्रकलेच्या तासाला रंग पसरवतात तसा.

"खांद्यावर पण थोडा," ताई म्हणाल्या.

मी खांद्यावर पण लावला.

फोटो निघाला. आईच्या हातात सामानाची पिशवी, ताईंचा हात पिशवीखाली. मला दप्तर मिळालं. घरी येईपर्यंत मी ते दोनदा उघडून बघितलं, एवढी निर्लज्ज.

साडी आईनं धुतली. तीन वेळा धुतली. ड्रेनेजचा डाग तो, कसला निघतोय. पुढच्या रविवारी वंदनेला ती शांतामावशीची कुठलीशी जांभळी साडी नेसून गेली आणि मागं बसली. त्यानंतर तिनं पांढरी साडी घेतली नाही. घेऊ शकत होती, पुढं बरे दिवस आले, पण घेतली नाही. त्या दिवसाबद्दल बोलली नाही. ताईंचं काम मात्र दुसऱ्या दिवशी सोडलं. कारण विचारलं त्यांनी, तर म्हणाली, "पाय दुखतात."

दोन वर्षांनी आम्ही वस्ती सोडली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरी गावाकडं दोन खोल्या घेतल्या भाड्यानं. मी बारावी केली, डीटीपीचा कोर्स केला, आणि नारायण पेठेत एका प्रेसमध्ये लागले. पत्रिका, पुस्तिका, अहवाल, पावतीपुस्तकं, असली कामं. मजकूर लावायचा, फोटो साफ करायचे. हात चांगला आहे माझा, सगळे म्हणतात. आणि कुणी विचारलं, "कुठल्या गं तुम्ही मूळच्या?" तर मी म्हणायचे, "सिंहगड रोड साइड." एवढं म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत. दहा वर्षं मी "साइड" या शब्दावर काढली.

मग गेल्या बुधवारी ताई प्रेसमध्ये आल्या.

केस पांढरे झालेत, बाकी तशाच. आवाज तोच.  त्यांनी मला ओळखलं नाही. कशाला ओळखतील? त्यांना मी कधी नीट दिसलेच नव्हते. पेनड्राइव्ह पुढं केला आणि म्हणाल्या, "तुम्हीच का करणार आहात? छान. जरा काळजीपूर्वक करा हं, सोमवारी ही पुस्तिका वॉर्ड ऑफिसात द्यायचीय."

पुस्तिकेचं नाव 'पुरातून पुनर्वसनाकडे'. तेव्हा आणि आता. एका पानावर पुरातला फोटो, समोरच्या पानावर आजचा. आणि मुखपृष्ठावर कोण, तर माझी आई.

स्क्रीनवर उघडला मी तो फोटो. बारा वर्षांनी पहिल्यांदा बघत होते. मला वाटायचं, आई कॅमेऱ्याकडं बघत असेल. नाही. पिशवीकडंही नाही. ती बाजूला बघतेय. फोटोच्या बाहेर.

"ह्या एका फोटोनं आम्हाला किती मदत मिळवून दिली म्हणून सांगू!" ताई माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून म्हणाल्या. "चेहरा बघा. किती बोलतो."

मी मोठा करून बघितला. सवयच ती, फोटो आला की चारपट मोठा करायचा आणि कडा तपासायच्या. डाव्या कडेला एक हात होता. मनगटापर्यंत. पोरीचा हात, चिखलानं पार काळा झालेला, बोटं अजून ताणलेली. आई त्या हाताकडं बघत होती.

ताईंनी पण बघितला. "कडेला कुणाचातरी हात आलाय. तो काढून टाका. आणि चिखल जरा डार्क करा. छापल्यावर फिका येतो."

आता इथं मी काहीतरी बाणेदार बोलले असं सांगायला मला आवडलं असतं. नाही बोलले. मी म्हणाले, "हो मॅडम." आणि हात काढला. चौकट आत ओढायची, झालं. मग चिखल गडद केला. पदरावर, निऱ्यांवर. खांद्यावर त्यांनी न सांगता केला, कारण खांद्यावर कुठं आहे ते मला पाठ होतं. दुसऱ्यांदा लावला मी तो चिखल. या वेळी माउसनं, एसीत बसून.

"वा! हात चांगला आहे हं तुमचा," ताई म्हणाल्या.

प्रेसच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. ताई त्यांना म्हणाल्या, वस्तीतले आत्ताचे फोटो पण हिनेच काढले तर? अण्णा म्हणाले, काढते की ती. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. शुक्रवारी सकाळी वस्तीत जायचं ठरलं. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी गेले. गाडी पुलापाशी लावली आणि तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडलाच नाही. पुण्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही, निम्म्या पोरी डाकू बनूनच फिरतात. फक्त डोळे उघडे. मला ओळखायला नको होतं कुणी.

पूल रुंद झालाय. सोसायटीच्या बाजूनं ओढ्याला सीमाभिंत बांधलीय, चांगली पुरुषभर उंच, काँक्रीटची. भिंतीमागं चालायचा ट्रॅक. बाकडी. भिंतीवर चित्रं काढलीत, मासे, कमळं, हसणारी मुलं. ताई कौतुकानं दाखवत होत्या. "हे सगळं त्या पुरानंतर आम्ही पाठपुरावा करून करून घेतलं. किती बदललंय ना?"

मी वस्तीच्या बाजूला बघितलं. तिकडं भिंत नाही. भिंत सोडा, कठडा नाही. वाळूची पोती एकावर एक लावलीत, त्यातली निम्मी फाटलेली. पहिल्या रांगेतली तीन घरं पडली ती तशीच, नुसत्या चौकटी उभ्या. आमच्या घरात दुसरं कुणी राहतं. दाराला नवा पत्रा आहे. विहाराला रंग दिलाय, पण पाणी चढलं होतं तिथं तैलरंगानं ओढलेली रेघ तेवढी ठेवलीय. माझ्या डोक्याच्याही वर आहे ती रेघ. बायका तिच्याखाली बसून मटार सोलत होत्या.

शांतामावशी तिथंच होती. गाउन, त्यावर टॉवेल. वाळलीय बिचारी. ताईंनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली आणि मी कॅमेऱ्यात तोंड घातलं. मावशी ताईंना उत्तरं देत होती, पण बघत होती माझ्याकडं. माझ्या उभं राहण्याकडं, हातांकडं. मग म्हणाली, "सुमनची का गं तू?"

मी म्हणाले, "नाही. मी प्रेसमधून आलेय."

जिनं मला पुरातून ओढून काढलं, तिला मी तोंडावर नाही म्हणाले. जीभ झडली नाही माझी. मावशीनं "बरं" म्हटलं आणि मान फिरवली.

मग ती ताईंना म्हणाली, "भिंतीचं काय झालं ते सांगा आधी. तिकडं बांधली. आता पाणी आलं की त्याला जायला एकच वाट, इकडं. पावसाळा लागला की आम्ही कपड्यांचं गाठोडं माळ्यावर ठेवून झोपतो, दर वर्षी. आम्ही अर्ज केलाय. सोमवारी बोलवलंय वॉर्ड ऑफिसला."

सोमवारी. पुस्तिका पण सोमवारी. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मजकूर मीच लावला होता दोन दिवसांपूर्वी, अक्षर न्‌ अक्षर, आणि वाचला नव्हता. 'सर्व कुटुंबांचे समाधानकारक पुनर्वसन झाले असून उर्वरित काठावर वृक्षारोपण व ट्रॅकचा विस्तार करावा.' म्हणजे इकडं भिंतीची गरज नाही. माझी आई मुखपृष्ठावरून सांगणार होती, की बघा, तेव्हा अशी होते, आता सगळं उत्तम.

"ते आपण सोमवारी बोलूच," ताई म्हणाल्या. "आधी जरा साडी नेसून या बरं. गाउनवर फोटो चांगला दिसत नाही. एखादी ठेवणीतली नेसा. आता सगळं छान झालंय ना, मग तसं दिसू दे की."

मावशी जागची हलली नाही. टॉवेलला हात पुसत तिनं ताईंना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"त्या वेळी सुमन चांगली नेसून आली तर तिला मळवलीत. आता मी मळक्यात हाय तर मला धुवायला निघालात. तुमचं एकदा काय ते ठरवा, ताई."

मटार सोलणाऱ्या बायका थांबल्या. ताई हसल्या. "अहो, किती मनाला लावून घेता!" आणि माझ्याकडं वळून, "तुम्ही कॅमेरा तयार ठेवा. येतील त्या."

 भीती वाटत होती. खरंच सांगते, रागाआधी भीतीच वाटली. नोकरीची, अण्णांची, आणि या सगळ्या बायकांची, ज्यांना आता कळणार होतं की मी तोंड बांधून आले. तरी मी स्कार्फची गाठ सोडली. घट्ट बसली होती, सोडायलाही वेळ लागला.

"मावशी, मी सुमनचीच."

मावशीनं मला जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाली, "माहितेय. बघत होते कधी बोलतेस ते."

आणि ताई? ताईंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अगं! तू सुमनची मुलगी? आधी नाही का सांगायचं! अगं किती सुंदर आहे हे! दप्तर दिलं होतं आपण तुला, आठवतंय का? बघा, बघा एका दप्तरानं काय होतं! नाही नाही, आता शेवटच्या पानावर तूच. तुझा फोटो, कॉम्प्युटरसमोर. यशोगाथा!"

पाच मिनिटांपूर्वी मी "तुम्ही" होते. वस्तीतली निघाले आणि "तू" झाले.

दप्तर! बारा वर्षं मी जे शिकले, रात्रंदिवस आईनं दुसऱ्यांच्या मोऱ्यांत हात घालून जे कमावलं, ते सगळं त्यांनी त्या निळ्या दप्तरात घातलं आणि स्वतःच्या खांद्याला लावलं. मग मात्र मी बोलले.

"ताई, तो चिखल पुराचा नाही. माझी आई अंघोळ करून आली होती. तुम्ही चिखल आणायला सांगितलात आणि मी तो तिच्या अंगाला लावला. फोटोच्या कडेला जो हात आला होता ना, काढून टाका म्हणालात, तो माझा."

 ताई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी काय उकरायचं ते? आमचा हेतू तर चांगला होता ना?"

"मग तसं छापा. हेतू चांगला होता आणि चिखल आम्ही लावून घेतला."

"हे बघा," ताईंचा आवाज एकदम कोरडा झाला, "तुम्ही इथे अण्णांच्या वतीनं आला आहात, हे विसरू नका."

घ्या. परत "तुम्ही" झाले.

मी म्हणाले, "नाही विसरले. पण हे काम मी करणार नाही. आईचा फोटो तुम्ही तिला न विचारता काढलात, न विचारता बारा वर्षं वापरलात. या पुस्तिकेवर तो मी लावणार नाही. आणि मावशी गाउनमध्येच राहील."

ताई पूल ओलांडून निघून गेल्या. मी थांबले. दुपारपर्यंत फोटो काढले. पडकी घरं, पोती, ती रेघ, आणि पुलाच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठ एकाच फोटोत. बायकांना विचारून काढले. दोघी नको म्हणाल्या, त्यांचे नाही काढले.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक आहे ते. भावना घरी ठेवून यायच्या. इथं फक्त फॉन्ट बघायचे." मी म्हणाले, मी ते काम करणार नाही. म्हणाले, "दुसरं कुणी करेल. चार प्रेस आहेत ह्याच गल्लीत." करू दे म्हटलं, आणि वॉर्ड ऑफिसात जायला सोमवारची सुट्टी मागितली. तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "मी तुला येऊ नकोस म्हणत नाही. पण सोमवारी सुट्टी पाहिजे असेल तर मंगळवारचा विचार करून घे." समजायचं ते मी समजले. निघायच्या आधी मूळ फोटोची कॉपी घेतली. न कापलेली. चोरी म्हणा हवं तर.

घरी आई लसूण सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. बुधवारचंही सांगितलं, हात कापला, चिखल गडद केला, तेही. आणि मावशीला नाही म्हणाले, तेही. मग मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, ताईंना शिव्या घालेल.

म्हणाली, "त्या बाईवर माझा राग नव्हता. ती तसलीच. सहा वर्षं बघत होते मी तिला." मग पुन्हा लसूण घेतला हातात. "पण तू एवढा नीट कशाला लावलास गं?"

बारा वर्षं हा एकच प्रश्न होता तिच्याजवळ.  मी रडायला लागले, म्हणाले, "आई, चुकलं माझं. माफ कर."

"माफी मागू नकोस," ती म्हणाली. "मला नाही जमत ते. प्रयत्न केला मी. नाही जमत."

मी विचारलं, सोमवारी येशील का माझ्याबरोबर. तर म्हणाली, "मी कशाला? माझं तोंड बारा वर्षं दाखवून झालं सगळ्यांना. आता तुझं दाखव."

आज शनिवार आहे. मी हे रागातच लिहितेय, आणि राग उतरायची वाट बघणार नाही. आईनं मला माफ केलेलं नाही, आणि ते बरोबर आहे. तिनं माफ केलं असतं तर मी कदाचित घरीच बसले असते.

सोमवारी अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे. ताई असतील, पुस्तिका असेल, छापून आणतीलच त्या कुठूनतरी. साहेबांपुढं ती ठेवतील तेव्हा मी उभी राहणार. नाव सांगणार, आईचं नाव सांगणार, वस्ती सांगणार, ओढ्यापासून दुसरं घर. साइड नाही. मुखपृष्ठावरच्या बाईला चिखल मी लावला, कुणाच्या सांगण्यावरून लावला, हे त्या बाईंच्या समोर सांगणार. मग दोन्ही काठांचा फोटो टेबलावर ठेवणार आणि विचारणार, इकडची भिंत कधी बांधताय. तारीख मागणार, लेखी. बसा म्हणाले तर बसणार नाही. पुढच्या सुनावणीला या म्हणाले तर येणार, त्याच्या पुढच्याला पण येणार. मंगळवारी नोकरी नसेल तर वेळच वेळ आहे माझ्याकडं. आमच्या काठावर भिंत उभी राहत नाही तोवर मी या लोकांच्या आडवी येणार.